तिथे देव कोणता आहे?

'रोड ट्रिप' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर तीन मुलं येतात. 'दिल चाहता है' (२००१) मधली गोव्याला निघालेली तीन मुलं, 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' (२०११) मधली स्पेनमध्ये फिरणारी तीन मुलं, आणि आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये प्रत्येक लाँग वीकएंडच्या आदल्या दिवशी बाइकच्या सीटवर बॅगा आवळून बांधणारी तीन-तीन मुलं! मुली कुठे असतात? मुली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतात. "फोटो टाका रे!" एवढं लिहायला.

मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे माझं मराठी हे असं, अर्धं घरातलं आणि अर्धं स्कूलबसमधलं. शाळेच्या लायब्ररीत एनिड ब्लायटनची 'फेमस फाइव्ह' होती. चार मुलं आणि एक कुत्रा, किरिन नावाच्या बेटावर स्वतः होडी वल्हवत जातात, तिथे राहतात, चोर पकडतात. त्यात दोन मुलीही आहेत. आणि सगळ्या सिरीजमध्ये एकदाही कुणाची आई विचारत नाही की, "सोबत पुरुष माणूस कोण आहे?" मराठीतला 'फास्टर फेणे' मी अकरावीत वाचला. भा. रा. भागवतांचा हा बन्या आमच्याच पुणे जिल्ह्यातला, फुरसुंगीचा. सायकलवर टांग मारली की निघाला! पण तोही मुलगाच. असो.

सांगायचा मुद्दा असा, की आपल्याकडे मुलींनी मैत्रिणींबरोबर चार दिवस फिरायला जायचं असेल तर त्याला देव लागतो. हे मी थट्टेने म्हणत नाहीये. गेल्या डिसेंबरात सबमिशन्स आणि परीक्षा आटोपल्यावर आम्ही पाच जणींनी याचा रीतसर प्रयोग करून पाहिला आहे. इंजिनिअर होणार ना आम्ही!

आमचा पहिला प्लॅन बेटाचा होता. कॉम्पवालीने एक व्हिडिओ पाहिला होता. कोलंबोहून गाडीने निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि अख्खी श्रीलंका गोल फिरून परत कोलंबोला यायचं. बेटाची गंमत हीच, वाट चुकायची सोयच नाही. फिरून फिरून जिथून निघालो तिथेच! पण पाच जणींत मिळून पासपोर्ट एक, आणि बजेट विचारूच नका. मग आपलं गोवा. गोवा हा शब्द पाच घरांत पाच वेळा उच्चारला गेला आणि पाचही घरांत टीव्हीचा आवाज वाढवला गेला.

मग सिव्हिलवाली म्हणाली, "अष्टविनायक विचारून बघू?"

दहा मिनिटांत पाचही घरांतून होकार! चार दिवस, तीन मुक्काम, साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर, दोन जिल्हे ओलांडून कोकणात उतरायचं आणि परत वर यायचं. गोव्याला जाताना जे काही वाईट होऊ शकतं ते सगळं याही रस्त्यावर होऊ शकतं. घाट आहेत, ट्रक आहेत, अंधार आहे, अनोळखी माणसं आहेत. पण मेकवालीच्या काकांनी आपली सात सीटची ईको काढून दिली, आणि वर नारळाला पैसेही दिले. मी विचारते, फरक कशाने पडला? रस्ता तोच, मुली त्याच, ड्रायव्हर तीच.

अटी मात्र दोन आल्या. पहिली आमच्या आजीची. मी मूळची मोरगावची, देवळाच्या रस्त्यावर आमचं नारळ-दूर्वा-पेढ्यांचं दुकान आहे. आजी म्हणाली, "सुरुवात मोरगावला आन् शेवट बी मोरगावलाच. न्हायतर यात्रा पुरी होत न्हाय." शास्त्रातला क्रम तसाच आहे: मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव, आणि मग पुन्हा मोरगाव. पण हल्ली हा शेवटचा टप्पा पाळणारे फार थोडे. लहानपणापासून मी गल्ल्यामागे बसून बघतेय, गाडी थांबते, माणसं उतरतात, वीस-पंचवीस मिनिटांत परत येतात आणि चप्पल घालता घालता एकच प्रश्न विचारतात, "पुढचा गणपती किती किलोमीटर?" परत आलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत.

आजीची अट ऐकून कॉम्पवाली एकदम खूश. "अगं, हा तर ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम!" आठ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी एकदाच जायचं आणि निघालो तिथे परत यायचं, सगळ्यात कमी अंतरात. सुरुवात मोरगाव धरली तर उरलेल्या सातांचे ५०४० क्रम होतात, उलटसुलट एकच धरले तर २५२०. तिच्या लॅपटॉपला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. (प्रॉब्लेमच्या नावातसुद्धा सेल्स'मन'च आहे, हे तिनेच दाखवलं.) निघालेला मार्ग असा: मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड, पाली, थेऊर, मोरगाव. शास्त्रापेक्षा वेगळा, आणि १९७९ च्या 'अष्टविनायक' सिनेमातल्या गाण्यात जो क्रम आहे त्याच्यापेक्षाही वेगळा. गाण्यातला क्रम पालीला संपतो, म्हणून तो सोयीचा वाटतो. मोरगावला परतायचं अंतर त्यात धरलेलंच नाही!

दुसरी अट सगळ्यांच्या घरची. सोबत एक पुरुष माणूस हवा. खूप वाटाघाटी झाल्या. शेवटी सिव्हिलवालीचा धाकटा भाऊ ठरला. वय वर्षे सोळा, इयत्ता अकरावी, लायसन्स नाही, मिशी नाही. तर मंडळी, लायसन्सवाली मेकवाली, नकाशावाली कॉम्पवाली, टायर बदलता येणाऱ्या आम्ही तिघी, आणि आमच्या संरक्षणासाठी हा! पंपावर हवा भरणारा माणूस मेकवालीला स्टिअरिंगवर बघून विचारायचा, "ड्रायव्हर कुठंय?" भक्त निवासात रजिस्टर उघडलं की आधी त्याच्याकडे वळून, "बोला दादा, नाव काय घालू?" आणि बोरघाट उतरताना याच दादांनी गाडी तीनदा थांबवायला लावली. पोटातलं सगळं बाहेर. पाठीवरून हात फिरवणारी त्याची बहीण, लिंबू देणारी मी. तो बिचारा गोड मुलगा आहे आणि हे लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. पण त्याच्यावर ही जबाबदारी टाकणाऱ्या मोठ्या माणसांनी थोडा विचार करावा.

आता मला माहितेय, काही जण म्हणतील, आईवडिलांना काळजी वाटते त्यात त्यांचं काय चुकलं? काही नाही चुकलं. मलाही अंधारात भीती वाटते. मी उलट असं म्हणते, की आईवडील 'देव' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात खरं काय असतं ते नीट बघा. ओझरला भक्त निवास आहे. देवळात प्रसादाचं जेवण मिळतं. रात्री दहालाही आवारात ट्यूबलाइट असते, बायका-पोरं फिरत असतात, नळाला पाणी असतं आणि मुख्य म्हणजे बायकांसाठी संडास असतो. (हा शब्द मॅगझिनमध्ये लिहायचा नाही असं मला सुचवलं गेलं. पण चार दिवस बाहेर फिरलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, की नकाशावर तिने सगळ्यात जास्त काय शोधलं.) म्हणजे देव हे आपल्याकडे एक इन्फ्रास्ट्रक्चर आहे! आईला श्रद्धेइतकाच भरवसा त्या ट्यूबलाइटचा असतो. मग हेच दिवे, हाच नळ, हाच बरा संडास एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याला, एखाद्या समुद्रकिनाऱ्यावर असेल, तर तिथे देव नसला म्हणून काय बिघडलं?

ही सोय कुणीतरी मुद्दाम उभी केलेली असते. सिद्धटेकचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलं. त्यांचा जन्म १७२५ चा, चौंडीचा, आणि सिद्धटेक ज्या जिल्ह्यात आहे त्या अहमदनगरचं नाव २०२४ मध्ये त्यांच्यावरूनच अहिल्यानगर झालं. बाईंनी देशभर देवळं तर बांधलीच, पण घाट, विहिरी आणि धर्मशाळाही बांधल्या. प्रवाशाला काय लागतं हे त्यांना आपल्यापेक्षा बरं कळलं होतं. पूर्वी सिद्धटेकला दौंडच्या बाजूने जाताना भीमा होडीने ओलांडायची, आता पूल आहे. आमची सिव्हिलवाली देवळात पाच मिनिटं आणि पुलावर पंधरा मिनिटं उभी होती.

देवाच्या नावाने रस्त्यावर येण्याची ही युक्ती आपल्या बायकांना काही नवीन नाही. तुकोबांची पालखी आमच्या बारामती तालुक्यातून जाते. बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, मग इंदापूर. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायका बघा. अठरा-वीस दिवस घराबाहेर, उघड्यावर स्वयंपाक, मिळेल तिथे झोप, आणि कुणाची हिंमत नाही अडवायची. आमची आजी लग्न होऊन मोरगावला आली ती चाळीस वर्षांची होईपर्यंत माहेर सोडून कुठे मुक्कामाला गेली नव्हती. मग एकदा वारीला गेली. मी तिला विचारलं, पंढरपूर कसं वाटलं? तर म्हणाली, "इठ्ठल तर भिंतीवर बी हाय गं. मी रस्ता बघाया गेल्ते."

आणि सगळ्याच बायकांना देव लागतो असंही नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. दौंडच्या पुढे न्हावऱ्याच्या रस्त्याला आम्ही चहाला थांबलो होतो. ऊसाचा सीझन. दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर एकामागून एक. एका रिकाम्या ट्रेलरवर भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, आणि त्यावर बसलेल्या तीन बायका, एकीच्या मांडीवर बाळ. ट्रॅक्टर चहासाठी तिथेच थांबला. बीडकडच्या होत्या, ऊसतोडीला आलेल्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जायचं. मुकादम नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतो, उचल एकत्र, हिशेब एकत्र, ते पैसे नवऱ्याच्या हातात. एकीने विचारलं, "कुठं निघाल्या पोरींनो?" म्हटलं, अष्टविनायक. "मजाय! आमचं बी फिरनंच हाय की, सहा म्हैने." आणि हसली. आम्हाला हसू आलं नाही.

बघा, या बाईच्या प्रवासाला कुणी परवानगी विचारत नाही. रात्री दोनला फडात गाडी भरायला उठताना तिच्यासोबत पुरुष माणूस आहे का, तिथे दिवा आहे का, संडास आहे का, हे कुणी विचारत नाही. म्हणजे बाईने घराबाहेर पडण्याबद्दल आपला काही आक्षेप नाहीच. कामासाठी पडली तर चालते, देवासाठी पडली तर चालते. स्वतःसाठी पडली की मगच आपल्याला काळजी वाटायला लागते!

आमच्या बारामतीबद्दल बाहेरच्यांना वाटतं की सगळीकडे ऊस आणि पाणी. तसं नाही. नीरेच्या डाव्या कालव्याखालचा भाग बागायती, पण मोरगाव-सुपे हा जिरायती पट्टा. कऱ्हा नदी नावाला. ऊसाच्या समुद्रातलं आमचं हे कोरडं बेट. बेटच फिरायचं तर इथून सुरुवात केली, असं कॉम्पवालीने स्वतःचं समाधान करून घेतलं. या बेटावर चिंकारा राहतात! सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं, अवघं पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर, नाव आमच्या देवाचं. मोरगाव करून पुढे पळणाऱ्या किती गाड्या तिकडे वळतात? आम्ही वळलो. सकाळी सात वाजता गवतात दोन चिंकारा उभ्या होत्या, आमच्याकडे बघत. दादाने आयुष्यात पहिल्यांदा सेल्फी काढली नाही.

आमच्या वर्गातल्या तिघांनी मागच्या वर्षी बाइकवर चोवीस तासांत आठ गणपती 'केले'. असाइनमेंट करतात तसे. दोघांकडे हेल्मेट होतं, तिसऱ्याकडे टोपी. त्यांच्या घरी कुणी विचारलं नाही. आल्यावर मी विचारलं, लेण्याद्री कसं वाटलं? तर उत्तर आलं, "पायऱ्या खूप आहेत यार." आहेतच, तीनशेच्या आसपास. पण वर गेल्यावर कळतं की गणपती बसलाय तो बौद्ध लेण्यांमध्ये. तीस लेणी, गणपती सातव्या क्रमांकाच्या लेण्यात. भिक्षूंचा विहार होता तो. एवढा मोठा हॉल आणि मध्ये एकही खांब नाही. सिव्हिलवाली छताकडे बघत नुसती गोल गोल फिरत होती. लोक तिला देवाभोवती प्रदक्षिणा घालतेय असं समजून वाट देत होते.

तिथे आम्हाला समजलं की ही लेणी उगाच डोंगरात कोरलेली नाहीत. खाली जुन्नर, आणि जुन्नरपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर नाणेघाट. कोकणातल्या बंदरांतून माल वर यायचा तो रस्ता. आम्हाला जायचं होतं. आमच्या लिस्टमध्ये नव्हतं. ठरल्याप्रमाणे घरी फोन करणं भाग होतं. चार घरी काही ना काही करून जमलं. ईएनटीसीवालीच्या घरी अडलं. तिच्याबद्दल थोडं सांगते. ती आमच्यात सगळ्यात शांत, आणि तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. शेवटचं वर्ष संपलं की लग्न, असं घरात ठरल्यासारखंच. ही तिची पहिली ट्रिप, आणि पुढच्या घरी फिरू देतील की नाही हे तिला माहीत नव्हतं. फोन स्पीकरवर होता.

"नाणेघाट? तिथे देव कोणता आहे?"

आम्ही सगळ्या तिच्याकडे बघायला लागलो. कॉम्पवाली हाताने खुणा करत होती, सांग काहीतरी, गणपती सांग, शंकर सांग! ती एक मिनिट गप्प बसली आणि मग म्हणाली, "देवासाठी नाही जात मम्मी. रस्ता आहे तो. दोन हजार वर्षांपूर्वीचा. बघायचाय मला."

पलीकडे शांतता. मग फोन पप्पांकडे. मग पुन्हा शांतता. मग पप्पा म्हणाले, "अंधार पडायच्या आत ओझरला पोचा. पोचल्यावर फोन कर."

नाणेघाटात काय आहे? कातळात कोरून काढलेली वाट आहे. जकातीसाठी होता असं सांगतात तो दगडी रांजण आहे. आणि एक गुहा आहे, जिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहनांचा लेख आहे. हा लेख नागनिका नावाच्या राणीचा मानला जातो. केलेले यज्ञ, दिलेल्या गायी-घोडे, सगळे आकड्यांसकट. दोन हजार वर्षांपूर्वी भर वाहतुकीच्या रस्त्यावर एका बाईने आपला हिशेब कोरून ठेवला! ईएनटीसीवाली त्या अक्षरांसमोर बराच वेळ उभी होती. मोबाईलला रेंज नव्हती. पुढे कडा, खाली कोकण, बाजूला जीवधन. आम्ही कुणी फार काही बोललो नाही. सहाला निघालो आणि सव्वासातला ओझरला होतो. (अंधार सहालाच पडतो डिसेंबरात. पप्पांना गणित माहीत होतं. तरी हो म्हणाले.)

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचीच पाळी. नारायणगावजवळ खोडदला 'जीएमआरटी' आहे, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वायच्या आकारात दूरवर पसरलेल्या. या लहरी पकडायला भरीव पत्रा लागत नाही, म्हणून तारांची जाळी दोरांनी ताणून डिश बनवली, त्यामुळे वजन कमी, खर्च कमी आणि वाराही आरपार जातो. कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. आत जायला आधी परवानगी काढावी लागते (इथेही परवानगी!), म्हणून आम्ही रस्त्यावरूनच बघितल्या. शेतात कांदा, पलीकडे डिश, आणि डिशचं तोंड आभाळाकडे. ओझर ते रांजणगाव जाणाऱ्या हजारो गाड्या इथून काही किलोमीटरवरून जातात. कुणाला पत्ता नसतो.

माझी स्वतःची तीर्थयात्रा खोपोलीला झाली. इलेक्ट्रिकलची आहे ना मी! लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी पाइपमधून घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार केली आणि मुंबईला पुरवली. गंमत म्हणजे वळवणचं धरण इंद्रायणीवर. हे पाणी खरं तर भीमेत जायचं, म्हणजे सिद्धटेकच्या पुलाखालून वाहायचं. ते इथे डोंगर उतरून कोकणात जातं. दोन दिवसांपूर्वी ती नदी बघितली होती म्हणून हे कळलं. नुसतं पुस्तकात वाचलं असतं तर पाच मार्कांचा प्रश्न झाला असता.

महड आणि पाली याबद्दल थोडक्यात. महडला गाभाऱ्यात जाऊन स्वतः पूजा करता येते, अशी त्याची ख्याती. मोबाईलच्या नकाशावर नीट बघून टाका, नाहीतर तो तुम्हाला चवदार तळ्याच्या महाडला नेईल. तेही बघण्यासारखंच, १९२७ चा सत्याग्रह तिथलाच, पण ते बरंच दक्षिणेला. पालीला देवळामागे सरसगड असा उभा आहे की त्याच्यापुढे आपोआप नमस्कार होतो. थेऊरला मात्र आमचा मूड गेला. थोरले माधवराव पेशवे इथे १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले, वय २७. रमाबाई सती गेल्या, त्यांचं स्मारक आहे. लोक तिथे हात जोडत होते. आम्ही पाच जणी नुसत्या उभ्या राहिलो.

थेऊरहून उरुळी कांचन, शिंदवणे घाट, जेजुरी करत चौथ्या दिवशी संध्याकाळी मोरगाव. नगारखाना, दगडी तट, चार कोपऱ्यांना चार मिनार, आणि देवासमोर नंदी. गणपतीपुढे नंदी कसा? कथा अशी सांगतात, की शंकराच्या देवळासाठी तो गाड्यावरून नेत होते, इथे गाड्याचं चाक मोडलं आणि नंदी पुढे जायलाच तयार होईना. म्हणून मग इथेच बसवला. मेकवाली म्हणाली, "अ‍ॅक्सल गेला असणार." आमची गाडी चार दिवसांत एकदाही बंद पडली नाही, हे तिने नंदीला सांगितलं.

मुलींच्या आयांना आणि वडिलांना माझं एकच म्हणणं आहे. काका, काकू, प्रश्न जरूर विचारा. गाडी कोणती, चालवणार कोण, मुक्काम कुठे, किती वाजता फोन करणार, सगळं विचारा. आमची उत्तरं तयार आहेत, एक्सेल शीटसकट. हेच प्रश्न घरातल्या मुलालाही विचारा, आणि त्याला हेल्मेट घ्यायला लावा. फक्त 'देव कोणता' हा प्रश्न लिस्टमधून काढा. आणि कॉलेजला सांगायचं तर, दर वर्षी इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणून रांजणगावच्या एमआयडीसीत बस नेता, एक दिवस खोडद आणि नाणेघाटालाही न्या. मुलींना घरून परवानगी मिळते की नाही बघा. कॉलेजचं पत्र म्हणजे देवाच्या खालोखाल!

पुढच्या सुट्टीत आमचा बेत वेंगुर्ल्याचा आहे. समुद्र एका बाजूला ठेवून खाली खाली जायचं. श्रीलंका नाही, पण समुद्र तोच. ईएनटीसीवालीने पहिलं नाव लिहिलंय. घरी अजून विचारलेलं नाही. वेंगुर्ल्याच्या खाली रेडीला एक खूप प्रसिद्ध गणपती आहे. पण ते आम्ही घरी सांगणार नाही.